लहान राष्ट्रे आणि पैनगंगेचा दक्षिण तीर

मराठी प्रवासवर्णनाला गेल्या तीसेक वर्षांत एक नवा विषय मिळाला आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला; एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, जॉर्जिया, आर्मेनिया ही राष्ट्रे आपापल्या नावाने नकाशावर पुन्हा दिसू लागली, आणि लंडन-पॅरिस-स्वित्झर्लंड पाहून झालेला मराठी प्रवासी हळूहळू तिकडे वळला. या लेखनाचा साचा आता ठरून गेला आहे. राजधानीच्या जुन्या भागातले फरसबंद रस्ते. आजीच्या पेटीतून काढल्यासारखा दिसणारा पारंपरिक पोशाख. परकीयांच्या जुलमाची कहाणी सांगताना गहिवरणारी गाइड. हजारो कंठांतून उठणारे समूहगान. आणि शेवटच्या परिच्छेदात एक सुस्कारा, की एवढीशी राष्ट्रे आपली संस्कृती पुन्हा शोधून काढतात आणि आपण मात्र ती विसरत चाललो आहोत.

आमचा आक्षेप प्रवासाला नाही. लहान राष्ट्रांविषयीच्या आस्थेला तर मुळीच नाही. मराठी वाचकाची युरोपविषयीची कल्पना चार मोठ्या भाषांपुरती राहिली होती, ती या लेखनाने थोडी रुंदावली हे आम्ही मान्य करतो. आमचा आक्षेप ‘पुन्हा शोधून काढली’ या शब्दप्रयोगाला आहे. त्यात असे गृहीत धरलेले आहे की संस्कृती ही पुरलेल्या हंड्यासारखी असते, परकीय सत्ता तिच्यावर माती लोटते, आणि सत्ता गेली की वारस येऊन हंडा उकरून काढतात. या कल्पनेमुळे प्रवाशाला चुकीच्या जागी पाहण्याची सवय लागते. आणि त्याच सवयीमुळे हाकेच्या अंतरावरचे असेच उदाहरण त्याला दिसत नाही.

लॅटव्हियाचे उदाहरण घेऊ, कारण मराठी प्रवासी रिगाला गेला की तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले एक लाकडी कपाट त्याला दाखवतात. क्रिश्यानिस बरोन्स या विद्वानाने लॅटव्हियन लोकगीतांच्या चिठ्ठ्या ज्याच्या खणांत लावून ठेवल्या ते हे कपाट. १८९४ ते १९१५ या काळात ही गीते सहा खंडांत छापली गेली. त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. २००१ साली युनेस्कोने या कपाटाची जागतिक स्मृतिठेव्यांत नोंद केली. प्रवासी ते पाहतो, भारावतो आणि पुढे जातो. पण एवढी गीते आली कुठून? ती गावोगावच्या शेतकरी बायकांच्या आणि पुरुषांच्या तोंडी होती. कोणी तरी ती ऐकून, उतरवून पाठवली. म्हणजे ज्यांची ती गीते होती त्यांनी ती कधी हरवलीच नव्हती. हरवली असतील तर ती शाळेत जर्मन आणि रशियन शिकलेल्यांच्या हातून. शिवाय हे काम बरोन्सने बराच काळ साम्राज्याच्या पोटात, मॉस्कोत राहून केले. स्वातंत्र्य तेव्हा कित्येक वर्षे दूर होते. जे ‘स्वातंत्र्यानंतर पुन्हा सापडले’ म्हणून आपण लिहितो ते परसत्तेच्या काळातच, त्या सत्तेची नोकरी करीत, काही चिकाटीच्या माणसांनी जमवून ठेवलेले असते.

आपल्याकडे याला जोड नाही असे नाही. गी पॉइट्वँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. रिगाच्या कपाटापुढे भारावणाऱ्या आमच्या किती प्रवासवर्णनकारांनी हा संग्रह उघडला असेल? कपाट पाहायला तिकीट काढावे लागते म्हणून त्याला मोल आहे, असे तर नाही ना?

लहान राष्ट्र म्हणजे क्षेत्रफळाने लहान राष्ट्र नव्हे. मिलान कुंदेराने १९८३ सालच्या आपल्या निबंधात यावर नेमके बोट ठेवले होते: ज्या समाजाचे अस्तित्व केव्हाही प्रश्नचिन्हाखाली येऊ शकते आणि ज्याला याची जाणीव असते, तो समाज लहान राष्ट्र होय. ही व्याख्या स्वीकारली की प्रवाशाचे प्रश्न बदलतात. शाळा कोणत्या भाषेत चालते? न्यायालयात साक्ष कोणत्या भाषेत नोंदवतात? जुनी दफ्तरे कोणत्या लिपीत आहेत, ती आज कोणाला वाचता येतात? नवी राजभाषा ठरली तेव्हा कोणाची बोली बाहेर राहिली? असे प्रश्न विचारणारे प्रवासलेखन मराठीला परके नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिले. त्या पुस्तकाच्या नावातच ‘लोकस्थिती’ हा शब्द ‘प्रवासवृत्ता’च्या आधी येतो. राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिती हे त्यांच्या पाहण्याचे विषय होते. ज्या भाषेने प्रवासवर्णनाची सुरुवात अशी केली, ती आज पोशाख आणि पक्वान्नांवर का थांबली, याचा जाब कोणी तरी द्यायला हवा.

आता हाकेच्या अंतरावरच्या उदाहरणाकडे येऊ. आम्ही उमरखेडला मराठी शिकवतो. उमरखेडच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. ती ओलांडली की हदगाव, हिमायतनगर, किनवट, म्हणजे नांदेड जिल्हा आणि मराठवाडा. आमच्याकडची जुनी माणसे त्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. नदीच्या या तीरावर वऱ्हाड: नावापुरते निझामाचे, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, १९०२ च्या करारानंतर तर कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे. त्या तीरावर आसफजाही राज्य: १७२४ ते १९४८, दोनशे चोवीस वर्षे. दोन्ही तीरांवर भाषा मराठी, सोयरीक एकमेकांत, बाजारही एकमेकांचे. पण या तीरावरचे पोर मराठी शाळेत जाई, आणि त्या तीरावरच्या पोराला सरकारी शाळेत वर चढायचे तर उर्दूची शिडी लागे.

मराठवाडा हे राष्ट्र नव्हे, मग लहान राष्ट्रांशी त्याची तुलना कशी, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे की प्रश्न राष्ट्रपदाचा नाही. परभाषिक राजवटीखाली काही पिढ्या काढलेला समाज, राजवट संपल्यावर, आपली भाषा शाळेत, कचेरीत आणि ग्रंथात परत कशी आणतो, हा प्रश्न आहे. तो एस्टोनियाला पडला तसाच हदगावला पडला. फरक एवढाच की एस्टोनियाला व्हिसा लागतो आणि हदगावला एस.टी.ची बस जाते.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या वर्गांतल्या उत्तर-वसाहतवादी चर्चेला अडचणीची वाटते. आम्ही विद्यार्थ्यांना न्गुगी वा थियोंगो शिकवतो, नेमाड्यांचा देशीवाद शिकवतो. आणि या सगळ्यात परकीय सत्ता म्हणजे इंग्रज, परकीय भाषा म्हणजे इंग्रजी, हे समीकरण न बोलता पक्के होऊन बसते. हैदराबादला ते लागू पडत नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूत द्यायचे ठरवले, भाषांतराचे स्वतंत्र खाते काढले, विज्ञानापासून कायद्यापर्यंतची परिभाषा घडवली. वसाहतवादविरोधी दृष्टीने पाहिले तर ते मोठेच धाडस होते, आणि देशी भाषेचा तो विजयही होता. परंतु त्या राज्यात उर्दू ही दहातल्या जेमतेम एकाची मातृभाषा होती. प्रजेतला सर्वांत मोठा भाग तेलुगू, त्याखालोखाल मराठी आणि कानडी. म्हणजे इंग्रजीपासूनची मुक्ती आणि मराठीची कोंडी ही एकाच फर्मानाची दोन टोके होती. हे गुंतागुंतीचे सत्य आमच्या चर्चासत्रांत मांडले जात नाही, कारण ते न्गुगीच्या चौकटीत बसत नाही. चौकटच बदलावी, एवढे धाडस आम्हां मास्तर मंडळींना होत नाही.

आणि तरीही मराठी त्या तीरावरून गेली नव्हती. मुकुंदराज आणि दासोपंत यांचे अंबाजोगाई, नामदेवांचे नरसी, जनाबाईंचे गंगाखेड, एकनाथांचे पैठण, ही सारी गावे निझामाच्याच राज्यात होती, आणि वारी चालू होती. मराठीला हाकलले गेले ते कचेरीतून आणि वरच्या वर्गांतून. माजघरातून आणि मंदिरातून नव्हे. म्हणून ‘पुनर्शोध’ हा शब्द इथेही शिक्षितांनी स्वतःच्या गरजेतून घडवला आहे. खरे काम होते ते संस्थांचे: हिप्परग्याची आणि अंबाजोगाईची राष्ट्रीय वळणाची शाळा, जिथे स्वामी रामानंद तीर्थांनी मुले घडवली, १९३८ च्या वंदे मातरम् सत्याग्रहात उस्मानियातून काढून टाकलेली मुले, ज्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता परभणीत बसून मराठी कविता-कादंबरी लिहिणारे बी. रघुनाथ. पुढे सरहद्दीवर सशस्त्र केंद्रे उभी राहिली, त्यांपैकी एक उमरखेडचे होते. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य संपले आणि १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघाले. लहान राष्ट्रांच्या जागृतीची म्हणून जी प्रकरणे आपण परदेशांत वाचतो, ती सगळी इथे आहेत. अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर यांनी ती लिहूनही ठेवली आहेत. तरीही मराठीच्या विद्यार्थ्याला हा विषय इतिहासवाल्यांचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासाला त्यात काय सापडणार, असे त्याला वाटते, कारण त्याच्या शिक्षकांना तसे वाटते.

इथवरचे मराठवाड्याचे गौरवगान आहे असे कोणी समजू नये. आमचा मुद्दा उलट दिशेलाही जातो. प्रत्येक सांस्कृतिक पुनरुज्जीवन काही उचलते आणि काही टाकून देते; काय टाकले हे न विचारणारा प्रवासी यजमानाचा प्रचारक होतो. एस्टोनियाने १८६९ पासूनच्या गानोत्सवाच्या बळावर १९८८ साली सोव्हिएत सत्तेसमोर गाणी म्हटली, १९८९ साली एस्टोनियनला राजभाषा केले, हे आपले प्रवासी लिहितात. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर नागरिकत्व १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वारसांना मिळाले, आणि सोव्हिएत काळात येऊन वसलेल्या रशियन भाषकांसह जवळपास एक तृतीयांश रहिवासी नागरिकत्वाविना राहिले, हे फारसे कोणी लिहीत नाही. आयर्लंडने १९३७ च्या राज्यघटनेत आयरिश ही पहिली राजभाषा ठरवली, शाळांत सक्तीची केली. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले, पण शाळेबाहेर रोज ती बोलणारे बहात्तर हजारांच्या आसपासच निघाले. गोव्यात १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली; ज्या रोमन लिपीत तियात्र आणि वर्तमानपत्रे पिढ्यान्‌पिढ्या चालली ती त्या व्याख्येबाहेर राहिली.

मराठवाड्याने काय टाकले? पहिली गोष्ट म्हणजे वाचण्याची क्षमता. दोन शतकांची महसुली आणि न्यायालयीन दफ्तरे फारसीत, उर्दूत, मोडीत आहेत. या तिन्ही लिपी वाचणारा मराठीचा पदवीधर आज शोधावा लागतो. परकीयाची म्हणून जी लिपी टाकली, तिच्यातच आपल्या पणज्याच्या शेताचा कज्जा लिहिलेला आहे, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो. दुसरी गोष्ट दखनी. वली आणि सिराज हे औरंगाबादचे कवी; ज्या बोलीत मराठीचे शब्द मुक्तपणे फिरतात ती दखनी याच मातीतली. निझामाची उर्दू राजभाषा होती म्हणून गल्लीतली दखनीसुद्धा परकी ठरवली गेली. राजाची भाषा आणि शेजाऱ्याची भाषा यांतला फरक पुनरुज्जीवनाच्या उत्साहात पुसला गेला.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. रझाकारांचे अत्याचार मराठीत सांगितले गेले, ते सांगितले गेलेच पाहिजेत. पण पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुजरले त्याची पाहणी करण्यासाठी नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवले होते. या पथकाने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेडची नावे घेतली. तो अहवाल दशकानुदशके दडवला गेला. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहता आला. परराष्ट्रांतल्या स्मृतिसंग्रहालयांत जाऊन दडपलेल्या इतिहासाविषयी हळवे होणाऱ्या मराठी लेखकाने या अहवालाजवळ एकदा थांबून पाहावे. मुक्तिसंग्राम त्याने उणा होत नाही. मुक्त झालेल्यांची जबाबदारी मात्र वाढते.

एकाच तारखेची नावे पाहा. १७ सप्टेंबर मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन. २०२२ साली केंद्र सरकारने त्याला हैदराबाद मुक्ती दिन म्हटले, तर त्याच वर्षी तेलंगणाच्या सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन. कर्नाटकाने २०१९ साली हैदराबाद-कर्नाटक या भागाचेच नाव बदलून कल्याण-कर्नाटक केले. आपल्याकडेही २०२३ साली औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबाद धाराशिव झाले. वाढोण्याचे हिमायतनगर करणाऱ्या राजवटीला नावांचे महत्त्व कळत होते, तसे ते आपल्यालाही कळते. पण पाटी बदलणे हा पुनरुज्जीवनाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. पाटी रंगाऱ्याकडून एका दिवसात बदलून मिळते. मोडी आणि फारसी वाचणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात, आणि त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

कुंदेराची व्याख्या प्रामाणिकपणे लावली तर आमच्या परिसरातले खरे लहान राष्ट्र मराठवाडाही नव्हे. मराठीला आज राज्य आहे, विद्यापीठे आहेत. केव्हाही संपू शकतो आणि हे ज्याला माहीत आहे, असा समाज म्हणजे पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे गोंड आणि कोलाम. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे जवळपास तीस लाख होते. कोंकणी सांगणारे बावीस लाखांच्या आसपास. १९९२ साली कोंकणी आठव्या अनुसूचीत गेली, ते योग्यच झाले. गोंडी अजून बाहेर आहे. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा या गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखिते मिळाली आणि २०१८ साली त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. एखाद्या बाल्टिक गावात असे काही घडले असते तर आपल्या दिवाळी अंकांनी विशेष विभाग काढला असता.

आणि इथे आपण, मराठी भाषक, कोणत्या बाजूला उभे आहोत? गोंड मुलाला वर चढायचे तर मराठीची शिडी लागते. निझामाच्या राज्यात मराठी मुलाला उर्दूची लागे, त्याचीच ही पुढची आवृत्ती. गंमत अशी की १९४३ साली त्याच निझामी राज्यात, आदिलाबादेतल्या मार्लवाईला, हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडीची प्राथमिक पुस्तके निघाली, तीही देवनागरी लिपीत. त्याच भागात अधिकारी असलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले आणि त्यांनी तिचे व्याकरण लिहिले. मराठीला वरच्या वर्गांतून हाकलणाऱ्या राजवटीने गोंडीसाठी एक दार किलकिले केले होते. मुक्त झालेल्या मराठीने ते उघडे ठेवले का, हा प्रश्न टॅलिनला जाऊन सुटणार नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. प्रवासवर्णनकारांनी जरूर जावे, रिगाला जावे, तिबिलिसीला जावे. पण तिथे शाळेत डोकवावे, न्यायालयाच्या दारावरची पाटी कोणकोणत्या भाषांत आहे ते पाहावे, आणि ज्याची भाषा नव्या राज्यात बाहेर राहिली अशा एका तरी माणसाशी बोलावे. परत आल्यावर ‘आपण विसरलो’ असा सरसकट सुस्कारा टाकू नये. कोण काय विसरले आणि कोणाला विसरायला लावले गेले, याची नावनिशीवार नोंद करावी. अभ्यासमंडळांनी प्रवासवर्णनाच्या अभ्यासपत्रिकेत पंडिता रमाबाईंना प्रस्तावनेतल्या एका ओळीपुरते न ठेवता पुस्तक म्हणून लावावे.

आणि विद्यार्थ्यांना, विशेषतः आमच्या तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना, आमचे सांगणे आहे की लघुप्रबंधासाठी तेच ते पाच कवी पुन्हा घेऊ नका. पैनगंगेचा पूल ओलांडा. आजोबांच्या पिढीतल्या कोणाची उर्दूतली शाळेची पुस्तके, प्रगतिपत्रक, शेताचा जुना कागद घरात असेल तर तो कोणाकडून तरी वाचून घ्या. वाचून देणारा कोण निघतो, किती गावे फिरावी लागतात, हेही लिहा. मोडी शिका, उर्दू लिपी शिका. दोन्ही काही महिन्यांच्या कष्टाने येतात. शेजारच्या बाकावर गोंड किंवा कोलाम मुलगी बसत असेल तर तिच्या घरी ओव्यांच्या जागी काय गातात ते तिला विचारा, आणि तिने सांगितले तर ते तिच्या नावाने लिहून घ्या. बरोन्सच्या कपाटातल्या चिठ्ठ्या अशाच कोणा शाळामास्तरांनी, विद्यार्थ्यांनी, खेड्यातल्या हौशी माणसांनी लिहून पाठवलेल्या होत्या.